सस्पेंडला निलंबन म्हणायचं की डुलकी?

कळफलक: लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका मदतपानाचं मराठी करतेय. लॅपटॉप मिटला की सस्पेंड होतो (काम अर्धवट ठेवून झोपतो), उघडल्यावर रिझ्यूम होत नाही (थांबला तिथून पुन्हा चालू होत नाही), दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा (वायफाय, पडदा असा एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा), असा मजकूर. आधीच्या अनुवादकाने 'निलंबन' आणि 'पुनरारंभ' वापरलंय. पण त्याच पानावर रीस्टार्टलाही 'पुनरारंभ'च! त्यामुळे वाक्य असं झालंय: 'निलंबनानंतर पुनरारंभ न झाल्यास पुनरारंभ करा.' काय करू?

आगाऊ: निलंबन म्हटलं की मला चौकशी चालू असलेला तलाठी दिसतो. तसं जुळतंय म्हणा. त्याला निर्वाहभत्ता चालू, इथे रॅमला (तात्पुरत्या मेमरीला) तेवढी वीज चालू, बाकी सगळे घरी.

मोरावळा: 'तहकूब' का नको? आमच्या सोसायटीची सभा दरवर्षी कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. अजेंडा तोच, माणसंही तीच. सस्पेंड म्हणजे दुसरं काय?

शुद्धमती: तहकूब परका शब्द. आपल्याकडे आषाढीला देवशयनी आणि कार्तिकीला प्रबोधिनी एकादशी असताना 'शयन' आणि 'प्रबोधन' सोडून उसनवारी कशाला?

आगाऊ: 'लॅपटॉपचे प्रबोधन झाले नाही' म्हटलं तर लोक व्याख्यानमालेची वर्गणी मागतील, ताई.

शुद्धमती: हसा. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही घडवलेलेच शब्द आहेत, आज बिनदिक्कत वापरता ना?

गाभारा: मी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, थोडी लुडबूड करतो. आधी झोपा तरी वेगळ्या करा. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाइल वाचा. बऱ्याच मशिनांवर तिथे 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसतात, चालू असेल तो चौकटी कंसात. पहिली डुलकी, दुसरी गाढ झोप. हायबरनेट म्हणजे शीतनिद्रा, त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद.

आणि रिझ्यूमला एक शब्द पुरणार नाही. मराठीत जाग येणं वेगळं आणि उठणं वेगळं. पंखा फिरतो, पडदा काळा. अशा वेळी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागला-विझला तर कर्नलला जाग आलेली असते, बहुधा पडद्याचा ड्रायव्हर तेवढा उठलेला नसतो. दिवा ढिम्म असेल तर सगळंच गोठलंय असं समजा.

मोरावळा: वा! आमचे चिरंजीव रोज सकाळी याच अवस्थेत असतात.

कळफलक: हे आवडलं. पण पुढचं वाक्य, 'सस्पेंडपूर्वी वायफायचा ड्रायव्हर अनलोड करा', याचं काय? 'चालक उतरवा' लिहिलं तर एसटीत बसल्यासारखं वाटतं.

शुद्धमती: 'माहूत' घ्या. मूळ संस्कृत 'महामात्र'. हत्तीची भाषा हत्तीला आणि राजाची राजाला कळवणारा. ड्रायव्हर तेच करतो.

गाभारा: वायफायचा माहूत? ताई, ड्रायव्हरच राहू द्या. ट्रकवाला म्हणतो, एसटीवाला म्हणतो, मग लॅपटॉपवाल्यानेच काय घोडं मारलंय?

बाकी, दोषी ड्रायव्हर शोधणं हे खरं दुखणं. मशीन गोठल्यावर नोंद लिहिणार कोण? म्हणून 'पीएम ट्रेस' ही कर्नलमधली सोय चालू केली की कुठवर पोचलो याची खूण कर्नल चक्क मशीनच्या घड्याळात लिहितो. रीस्टार्ट करून दोनतीन मिनिटांत लॉग बघायचा, त्यात संशयिताचं नाव निघू शकतं. मी केलं तेव्हा तारीख भलत्याच सालात गेली आणि बँकेची साइट सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही म्हणून भांडत बसली. सांगायला विसरतात, घड्याळ नंतर दुरुस्त करा.

वऱ्हाडी ठेचा: मले एक सांगा, लॅपटॉप डुलकी 'काढते' का त्याले डुलकी 'लागते'? झाकण आपण मिटलं तर काढली. पण समोर बसलो असताना आपोआप गेला तर लागली ना?

मोरावळा: बसल्या बसल्या जाते ती डुलकी नाही, पेंग. पेंग 'येते'.

शुद्धमती: आणि जेवणानंतरची वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस.

वऱ्हाडी ठेचा: लॅपटॉपची डावी कूस कोणती मंग? चार्जरवाली?

कळफलक: माझं पुनरारंभाचं वाक्य अजून तसंच आहे हो.

मोरावळा: थांबा, आधी पेंग आणि डुलकीचं मिटू दे.