पियानो शिकणाऱ्या लहान मुलांसाठी थिअरीचे खेळ सुचवा

जांभई
घरी पियानोच्या शिकवण्या घेते. मुलं सहा ते आठ वर्षांची. हात बरे चालतात, पण थिअरीचं पुस्तक उघडलं की चेहरे पडतात. स्टाफवरची (पाच रेघांवर लिहिलेली) कुठलीही नोट विचारली की मिडल सीपासून एकेक मोजत वर चढतात. पालकांना ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत-परीक्षेची घाई. घरच्या घरी करता येतील असे खेळ हवेत. मोबाइलवरचे नकोत.

बेसूर
फरशीवर मास्किंग टेपच्या पाच रेघा मारा, मधे पाऊल मावेल एवढं अंतर ठेवून. ट्रेबल क्लेफचं (वरच्या स्वरांच्या रेघांआधीच्या खुणेचं) वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं, तिथे जी. ते मुलाचं घर. मग 'एक पायरी वर', 'एक सोडून खाली' असं सांगत राहायचं. एक मूल उड्या मारतं, दुसरं तेच पियानोवर वाजवतं. नोटेचं नाव शेवटी विचारा. आपण वाचतानाही प्रत्येक नोटेचं नाव कुठे घेतो? आधीच्या नोटेपासून किती वर-खाली, एवढंच बघतो. मोजत चढायची सवय यानेच सुटेल.

झब्बू
पत्त्यांचा भिकार-सावकार करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते होतात. निम्म्यांवर स्टाफवरची नोट, निम्म्यांवर नुसतं अक्षर. वरच्या पत्त्याशी जुळला की गठ्ठा आपला, पण नोटेच्या पत्त्यावर आहे ती पियानोवर त्याच जागी वाजवून दाखवल्यावरच. बेस क्लेफचा (खालच्या स्वरांच्या रेघांवरचा) जी ट्रेबलच्या जागी वाजवला तर गठ्ठा समोरच्याचा. ही अट काढलीत तर मुलं चित्रं ओळखण्यात पटाईत होतात, वाचन येत नाही.

जांभई
हे झकास! आणि मात्रांसाठी?

झब्बू
दुकान-दुकान. स्वर किती लांबवायचा त्यावर भाव: क्रॉचेट एक रुपया, मिनिम दोन, सेमीब्रीव्ह चार, क्वेव्हर आठ आणे. बिल बरोबर चार रुपयांचं व्हायला हवं, म्हणजे फोर-फोरचा (चार क्रॉचेटचा) एक बार, एक आवर्तन भरलं. माल टाळ्यांवर वाजवून दाखवला तरच मिळेल. आठ आणे म्हणजे काय ते आजच्या मुलांना आधी सांगावं लागतं, तो तुमचा प्रश्न.

साष्टीकर
उड्या-पत्ते ठीक, पण कान कधी तयार होणार? आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये जुन्या पद्धतीने आधी सोल्फेज (दो-रे-मी) गाऊन घ्यायचे, वाद्य नंतर. तुम्ही दोन स्वर वाजवा, मुलाने डोळे मिटून हात वर किंवा खाली न्यायचा. ते जमलं की टेपवर उडी.

पेटीवाला
साष्टीकरांना अनुमोदन. मुलांना सारेगम येत असेल तर स्केलचा खेळ फुकटात होतो. सीला सा धरून पांढऱ्या पट्ट्यांवर सारेगम वाजवायला सांगा, बिनचूक येईल. मग जीला सा धरा. सगळं सुरळीत, फक्त नी कोमल लागतो. 'चोर कुठला?' विचारा. मूल चाचपडत एफ शार्पवर (एफच्या उजवीकडच्या काळ्या पट्टीवर) पोचतं आणि स्वतःच हसतं. मग एफवरून: मध्यम तीव्र लागतो, म्हणजे बी फ्लॅट (बीच्या डावीकडची काळी पट्टी) हवा. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) पाठ करायच्या आधी हे झालेलं असलं की ती शार्पची खूण कशासाठी, ते वेगळं समजवावं लागत नाही.

जांभई
माझ्याकडे एकाच्या घरी पेटी आहे. तो एला 'पांढरी सहा' म्हणतो. सोडवू का ती सवय?

पेटीवाला
कशाला? सीपासून मोजत पांढरी सहा म्हणजे 'ए'च. परीक्षेत ए लिहिलं की झालं. त्यालाच बाकीच्यांचा परीक्षक करा. फक्त एका बैठकीत एकच खेळ घ्या, तोही पाच-सात मिनिटं. नाहीतर पियानो वाजवायचाच राहतो.

बेसूर
अवांतर: टेप त्याच दिवशी काढा. राहिलाच चिकटा, तर खोबरेल तेलाने निघतो.