स्वप्नात लांडगा दिसला तर?

प्रश्न – शुभदा_बारामती
हल्ली पहाटे सारखा लांडगा स्वप्नात येतो. अंगावर येत नाही, लांब उभा राहून नुसता बघतो. सासूबाई म्हणतात, पैसाअडका जपा, चोरीचं लक्षण आहे. मैत्रीण म्हणते, लांडगा म्हणजे आतलं बळ, शुभच आहे. कुणाचं ऐकू?

माळकरी_धनगर
ताई, सासूबाईंचं म्हणणं फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात वरुणाला विनवणी आहे: स्वप्नात कुणी मला भीती घातली असेल, चोर किंवा लांडगा आमच्या वाईटावर असेल, तर त्यापासून आम्हाला राख. स्वप्न, चोर आणि लांडगा, तिन्ही एकाच ऋचेत! इब्न सिरीन या जुन्या मुस्लिम विद्वानाच्या नावावर चालणाऱ्या अरबी स्वप्नग्रंथांतही लांडगा म्हणजे जुलमी वैरी नाहीतर चोर.

आमच्या घरात हे कुणाला समजवावं लागत नाही. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत घातली, तरी कुत्री वेगळ्या सुरात भुंकली की आजी काठी घेऊन बाहेर. कोकरू गेलं की वर्षाचं गणित बिघडतं. तिला लांडग्याचं स्वप्न शुभ कसं वाटेल?

विदेशवारी
लिथुआनियात मात्र शुभ. तिथली दंतकथा अशी की गेडिमिनास राजा शिकारीनंतर झोपला, तर टेकडीवर लोखंडी लांडगा दिसला, शंभर लांडग्यांच्या आवाजात ओरडणारा. लिझदेइका पुजाऱ्याने अर्थ लावला: इथे नगर वसव, त्याची कीर्ती दूरवर जाईल. तेच विल्निअस, आजची राजधानी. १३२३ च्या राजाच्या पत्रात नाव आहे.

माळकरी_धनगर
छान. राजाला नगर उभं करायचं होतं, आजीला मेंढरं राखायची होती. ज्याला जी काळजी, तसा लांडगा, असं मला मनापासून वाटतं.

शुभदाताई, तुमच्या स्वप्नाला जवळचं एक आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या एका रशियन रुग्णाला लहानपणी पडलेलं: खिडकी आपोआप उघडते, बाहेर अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे, कान टवकारलेले, हलत नाहीत, नुसते बघतात. १९१८ मध्ये फ्रॉइडने ते छापलं. त्याच्या मते स्वप्नात उलटापालट झाली होती, टक लावून बघत होतं ते पोरच. त्याचा पुढचा अर्थ मला ओढूनताणून आणलेला वाटतो, पण एवढं मात्र पटतं. म्हणून विचारतो, सध्या तुमचं लक्ष कशात अडकलंय? उत्तर इथे लिहायलाच हवं असं नाही. उतारे-तोडग्यांवर पैसे घालवू नका. झोप मोडतच राहिली तर डॉक्टरांना दाखवा.