जीडीबीच्या पायथन स्क्रिप्टमध्ये तीच स्टॅक फ्रेम पुन्हा पुन्हा शोधली जातेय, कोड कसा आटोपशीर करू?

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन कंट्रोलरचं फर्मवेअर लिहितो. डीबगिंगसाठी, म्हणजे चुका शोधायला, आधीच्या सहकाऱ्याने जीडीबी या डीबगरमध्ये पायथनच्या कमांड करून ठेवल्यात. रोज उपयोगी पडतात, पण आतला कोड वाचवत नाही.

स्टॅक फ्रेम म्हणजे चालू असलेल्या एकेका फंक्शन कॉलची नोंद. प्रत्येक कमांड आधी न्यूएस्ट-फ्रेम (सगळ्यात आतल्या कॉलची) घेते, ओल्डर-ओल्डर करत बोलावणाऱ्या फंक्शनकडे मागे जाते, दर पायरीला इज-व्हॅलिड तपासते आणि सिलेक्टेड-फ्रेमशी (जीडीबीत सध्या निवडलेल्या फ्रेमशी) जुळली की थांबते. अहो, जिच्याशी जुळवायचं तीच तर हवी होती, आणि ती एका कॉलमध्ये हातात आलेली असते! पुढे कमांड ज्या हेल्पर फंक्शनला बोलावते, तेही पहिल्यापासून हेच करतं. वेगाची तक्रार नाही, जीडीबी फ्रेम कॅश करतो. पण एक बदल करायचा तर सगळ्या फाइलभर हिंडावं लागतं.

माझा विचार असा, की इन्व्होकमध्ये (कमांड दिली की चालणाऱ्या मेथडमध्ये) एकदाच सिलेक्टेड-फ्रेम घ्यावी आणि हेल्परला आर्ग्युमेंट म्हणून द्यावी. अडचण एवढीच की क्यू (डेटाची रांग) तपासणाऱ्या कमांडमध्ये पार्स-अँड-इव्हॅलने, म्हणजे दिलेलं एक्स्प्रेशन चालवणाऱ्या फंक्शनने, बोर्डावरचं चेकसम फंक्शन चालवलं जातं. त्यानंतर हातातली फ्रेम वैध राहील का? शिवाय प्रोग्राम सुरू नसेल तर सिलेक्टेड-फ्रेम नन (None) न देता एरर फेकते, ती कुठे पकडावी?

उत्तर:

दादा, बिनधास्त बदला. पायथनमधला फ्रेम ऑब्जेक्ट आत फ्रेम आयडी धरून असतो, त्यामुळे चेकसम नीट परतलं की तीच फ्रेम पुढे चालते. मात्र त्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लागला तर पार्स-अँड-इव्हॅल एरर देतं आणि सिलेक्टेड फ्रेम तिथली होते. कंटिन्यू किंवा फिनिशनंतर फ्रेम नव्यानेच मागा.

खरी मेख वेगळीच आहे. पार्स-अँड-इव्हॅल तुमच्या आर्ग्युमेंटकडे बघत नाही, सिलेक्टेड फ्रेमच धरतं. म्हणून हेल्परमध्ये व्हेरिएबल फ्रेमच्या रीड-व्हारने वाचा. त्याला नुसतं नाव चालतं, एक्स्प्रेशन नाही. स्ट्रक्टमधलं फील्ड मिळालेल्या व्हॅल्यूवरून काढा. एरर इन्व्होकमध्येच पकडा आणि जीडीबी-एरर (gdb.GdbError) क्लासने आपला मेसेज द्या, म्हणजे ट्रेसबॅक छापला जात नाही. कुठे तुलना उरलीच तर दोन बरोबर-चिन्हांनी करा, इज वापरू नका. दर कॉलला ऑब्जेक्ट नवा मिळतो.

धन्यवाद! रीड-व्हारचं लक्षातच आलं नव्हतं. क्यूच्या कमांडपासून सुरुवात करतो. हेल्परला मागची फ्रेम दिली आणि एक्स्प्रेशनच हवं असेल, तर आधी सिलेक्ट करून नंतर जुनी फ्रेम परत सिलेक्ट करायची ना?

हो, आणि ती परत करणारी ओळ फायनलीमध्ये टाका, म्हणजे मध्येच एरर आली तरी ती चालते.