मदत हवी आहे: २०२०च्या आवडत्या इंडी अल्बमांची गाडीसाठी सीडी आणि पेनड्राइव्ह (आवाज, खंड, क्रम)

सांजगाणे (धागाकर्ता):

२०२०च्या आवडत्या इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या) अल्बमांमधून निवडक गाण्यांची एक ऑडिओ सीडी आणि पूर्ण अल्बमांचा एक पेनड्राइव्ह करायचा आहे. दोन्ही गाडीत वाजवण्यासाठी. निवड अशी:

वॉक्साहॅची – सेंट क्लाउड; फीबी ब्रिजर्स – पनिशर; फ्लीट फॉक्सेस – शोअर; एड्रियन लेंकर – साँग्ज; मोझेस सम्नी – ग्रे; द मायक्रोफोन्स – मायक्रोफोन्स इन २०२०; फिओना ॲपल – फेच द बोल्ट कटर्स.

बहुतेक फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या फाइली) विकत घेतले आहेत, त्यातले दोन अल्बम २४ बिट/४८ किलोहर्ट्झचे आहेत. एक अल्बम फक्त स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेला आहे. विंडोजवर फूबार२००० हा गाणी वाजवण्याचा प्रोग्रॅम. गाडीचा स्टिरिओ जुना: सीडी, एमपी३ आणि यूएसबी चालते, फ्लॅक चालत नाही.

अडचणी:
१. काही गाणी कान फाटेल एवढी मोठी, लेंकरची ऐकूच येत नाहीत.
२. एकमेकांत मिसळणाऱ्या गाण्यांमध्ये खटका बसतो.
३. पेनड्राइव्हवर क्रम भलताच लागतो.
४. सीडी भरताना 'जागा नाही' येते. फाइली मिळून ६५० एमबीच आहेत, मग असे का?

जाणकारांनी कृपया पायऱ्यांसकट सांगावे.

खरज:

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच घोळ आहे. ऑडिओ सीडीसाठी एमबी बघायचेच नाहीत, मिनिटे बघायची. तुमच्या ६५० एमबी फ्लॅक आहेत, म्हणजे दाबलेल्या. सीडीवर जाताना त्या उलगडून साध्या पीसीएम (न दाबलेला आवाज) होतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. फ्लॅक साधारण याच्या निम्मी ते दोन तृतीयांश असते. तेव्हा ६५० एमबी म्हणजे शंभर मिनिटांच्या आसपास. २४ बिटवाल्या फाइली मुळातच जाड असल्याने तेवढी भरणार नाहीत, पण ८० मिनिटे ओलांडली असणार हे नक्की.

डिस्कवर '७०० एमबी' छापलेले असते तो डेटाचा आकडा. डेटा डिस्कवर प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइट वापरता येतात, बाकी जागा चुका दुरुस्त करण्यात जाते. ऑडिओत पूर्ण २,३५२ बाइट आवाजालाच मिळतात. म्हणून '७००'च्या डिस्कवर ८०० एमबीहून जास्त वेव्ह (पीसीएमची फाइल) बसते आणि लोक गोंधळतात. मर्यादा ७९ मिनिटे ५७ सेकंद धरा. सगळी गाणी निवडून फूबारच्या खालच्या पट्टीत एकूण वेळ बघा. ७९:०० च्या वर जाऊ नका, अगदी काठापर्यंत भरलेली डिस्क जुन्या स्टिरिओत शेवटच्या गाण्याला अडखळते.

स्ट्रीमिंग ॲपमधले 'डाउनलोड' विसरा. ती कूटबद्ध साठवण असते, सीडीवर जाणार नाही. तो अल्बम विकतच घ्यावा लागेल. आणि शोअरची सीडी २०२०मध्ये नव्हतीच. अल्बम २२ सप्टेंबर २०२०ला डिजिटल आला, सीडी आणि एलपी फेब्रुवारी २०२१ मध्ये आल्या.

चौथी_पट्टी:

पहिल्या प्रश्नाबद्दल. फूबारमध्ये रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज मोजून सारखा करणारी सोय) वापरा, पण सीडीसाठी आणि पेनड्राइव्हसाठी वेगवेगळे.

सीडी म्हणजे वेगवेगळ्या अल्बमांतली सुटी गाणी, तिथे ट्रॅक गेन, म्हणजे प्रत्येक गाण्याला वेगळी वाढ-घट. गाणी निवडा → उजवी टिचकी → रिप्लेगेन → 'स्कॅन पर-फाइल ट्रॅक गेन'.

पेनड्राइव्हवर पूर्ण अल्बम आहेत, तिथे अल्बम गेन, म्हणजे पूर्ण अल्बमला एकच. मेन्यूतला 'स्कॅन सिलेक्शन ॲज अल्बम्स (बाय टॅग्ज)'. इथे ट्रॅक गेन लावलात तर अल्बममधले मुद्दाम हळू ठेवलेले गाणे बाकीच्यांइतके फुगते. ग्रे तर मुळात २० तुकड्यांचा आहे, मध्ये नुसते बोलण्याचे छोटे तुकडेही येतात. ते पुढच्या गाण्याच्या बरोबरीने मोठे झाले की सगळी बांधणीच कोसळते.

दोन्हीकडे लक्ष्य −१८ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) असते. स्कॅन नुसता टॅग (फाइलसोबतची माहिती) लिहितो, फाइलमधला आवाज बदलत नाही. गाडीला तो टॅग वाचता येत नाही, त्यामुळे बदल फाइलमध्ये उतरवावा लागतो. सीडीसाठी असे:

निवडा → कन्व्हर्ट → 'प्रोसेसिंग'. रिप्लेगेन 'ट्रॅक', 'अप्लाय गेन अँड प्रिव्हेंट क्लिपिंग'. त्याखाली डीएसपीमध्ये रिसॅम्पलर (किलोहर्ट्झ बदलणारा), ४४१००. आउटपुट वेव्ह, १६ बिट, डिदर (बिट कमी करताना मिसळलेला बारीक गोंगाट) चालू. २४/४८ वाल्या अल्बमांसाठी हे करावेच लागते. सीडी जाळणारा (लिहिणारा) प्रोग्रॅम स्वतः रूपांतर करतो खरा, पण डिदर टाकतो की नुसते बिट छाटतो ते तो सांगत नाही. छाटले की लेंकरच्या गिटारचा विरत जाणारा सूर शेवटी खरखरतो.

'प्रिव्हेंट क्लिपिंग'मुळे एक गंमत होते ती ध्यानात ठेवा. हळू रेकॉर्ड झालेले पण अधूनमधून टोकदार उसळी मारणारे गाणे वर उचलताना टोके छताला लागतात. मग प्रोग्रॅम त्या एकाच गाण्याला थांबवतो आणि ते बाकीच्यांपेक्षा हळूच राहते. पुष्कळांना वाटते स्कॅन चुकला. स्कॅन बरोबर असतो, लक्ष्य जास्त ठेवलेले असते. प्रीॲम्प (सगळ्या गाण्यांना लागणारी जादा वाढ) शून्यावर ठेवा, गाडीच्या गोंगाटासाठी फार तर +२. बाजारातल्या सीडीपेक्षा आवाज हळू वाटेल, त्याला नॉब आहेच.

रेषेवरचा_काटा:

वरच्या प्रतिसादाला +१, पण आकड्यावर आंधळा विश्वास नको. साँग्ज हा टेपवर, एक गळा आणि एक गिटार अशा थाटात झालेला अल्बम आहे. असे गाणे पूर्ण बँडच्या गाण्याशी −१८ वर जुळवले की मापक म्हणतो सारखे, कान म्हणतो बाई अंगावर आली. एकट्या आवाजाला मध्ये कुणी नसते, म्हणून तो जवळ भासतो. ट्रॅक गेन झाल्यावर अशी एकट्याची गाणी हाताने आणखी १.५ ते २ डेसिबल खाली घ्या. फूबारच्या 'एडिट रिप्लेगेन इन्फो'मध्ये ट्रॅक गेनचा आकडा बदलता येतो. उदा. +३.४० असेल तर +१.४० करा आणि मगच कन्व्हर्ट करा.

पेनड्राइव्हसाठी आधी एमपी३ बनवा, मग एमपी३गेन या प्रोग्रॅममधून अल्बम गेन लावा. तो पुन्हा एन्कोड करत नाही, फ्रेममधला गेनचा आकडाच बदलतो. १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनीच सरकतो, आणि उलटा फिरवता येतो. मात्र फूबारच्या कन्व्हर्टरमध्येही रिप्लेगेन चालू ठेवून वर एमपी३गेन चालवू नका, दोघांपैकी एकच.

खरज:

आता खटका. तो सीडीत आणि एमपी३मध्ये वेगवेगळ्या कारणांनी येतो.

सीडीत: जाळताना 'ट्रॅक-ॲट-वन्स' असेल तर प्रत्येक गाण्यापुढे दोन सेकंदांची शांतता घुसते. 'डिस्क-ॲट-वन्स' निवडा आणि गाण्यांमधले अंतर ० करा. पहिल्या गाण्याआधीचे दोन सेकंद नियमाने असतातच, ते बदलू नका. ज्या जोड्या मिसळत नाहीत तिथे १ ते १.५ सेकंद मोकळे ठेवा, नाहीतर एका अल्बमचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर आदळतो. आणखी बारीक गोष्ट म्हणजे सीडीचा सेक्टर १/७५ सेकंदाचा, ५८८ नमुन्यांचा असतो. तुम्ही स्वतः कापलेला तुकडा त्याच्या पटीत नसला तर शेवट शून्यांनी भरला जातो आणि मिसळणाऱ्या जागी टिचकी ऐकू येते. अशी जोडी न तोडता एकाच वेव्हमध्ये ठेवणे सगळ्यांत सोपे.

एमपी३त: फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे ४४.१ वर सुमारे २६ मिलिसेकंद. गाणे बरोबर फ्रेमच्या पटीत क्वचितच संपते, म्हणून शेवटी भर पडते. सुरुवातीलाही एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) थोडी शांतता घालतो. लेम नावाचा एन्कोडर ही माहिती फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवतो आणि फूबार ती वाचून भर काढून टाकतो. जुना स्टिरिओ वाचत नाही. म्हणून घरी खटका नाही आणि गाडीत आहे, हे तुमच्या कानाचे दुखणे नव्हे. उपाय एकच, जोडगाण्यांची एक फाइल करणे. कन्व्हर्टरमध्ये 'मर्ज ऑल ट्रॅक्स इंटू वन आउटपुट फाइल' आहे. क्रॉसफेड (एक गाणे विरताना दुसरे चढवणे) लावू नका, जिथे मुळात सलग आहे तिथे तो दोन्ही कडा पुसतो.

टपरीवरचा_रेडिओ:

यादीवर एक शंका. फेच द बोल्ट कटर्स एपिक या लेबलचा, म्हणजे सोनी कंपनीचा. इंडी कसा?

रेषेवरचा_काटा:

लेबल धरले तर नाही. सेंट क्लाउड मर्जचा, पनिशर डेड ओशन्सचा, साँग्ज ४एडीचा, ग्रे जॅगजॅगवारचा, हे सगळे बसतात. ॲपलचा अल्बम बराचसा घरी, घरातल्या वस्तू बडवून झाला आहे. त्या अर्थाने धागाकर्त्याने घेतला असेल तर घेऊ द्या. सीडीला काही फरक पडत नाही, धाग्याला पडेल. त्यामुळे इथेच थांबू.

चौथी_पट्टी:

खरा पेच मायक्रोफोन्सचा आहे. अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणे, ४४ मिनिटे ४४ सेकंद. ते घेतले की ७९:५७ पैकी ३५:१३ उरतात. सेंट क्लाउडसुद्धा त्यात पूर्ण मावत नाही.

तुकडा कापून घेऊ नका असेच सुचवेन. सुरुवातीची कित्येक मिनिटे गिटारवर त्याच दोन कॉर्डची ये-जा आहे, आणि आवाज येतो तो त्या वाट बघण्यावर उभा आहे. मधली चार मिनिटे उचलली तर ऐकणाऱ्याला कळणारच नाही की यात आवडण्यासारखे काय होते. दोन डिस्क करा. पहिलीवर उरलेल्या सहा अल्बमांतली प्रत्येकी तीन गाणी. सरासरी चार मिनिटे धरली तर १८ गाणी म्हणजे ७२ मिनिटे, अंतरे धरून साडेबहात्तरच्या आत. दुसरीवर आधी मायक्रोफोन्स आणि मग साँग्जमधली हळू गाणी. उलट क्रम नको, ही छोटी गाणी ४४ मिनिटांच्या गाण्यानंतर आली तर कुणी पुढे ढकलत नाही, आधी आली तर ढकलतात.

कापायचेच असेल तर ऑडॅसिटी या आवाज-संपादकात लाट शून्य रेषा ओलांडते तिथे कापा आणि दोन्ही टोकांना ३ ते ५ सेकंदांचा फेड (हळूहळू चढता-उतरता आवाज) द्या.

यूएसबी_आजी:

क्रमाचे उत्तर. पुष्कळ जुने स्टिरिओ नावाने लावत नाहीत, फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. विंडोजमध्ये सगळ्या निवडून ओढल्या तर ज्या फाइलवर बोट धरून ओढली ती आधी जाते, मग बाकीच्या. म्हणून तुमच्याकडे मधलेच गाणे पहिले येते. असे करा:

पेनड्राइव्ह रिकामा करून एफएटी३२ (फाइली मांडण्याची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस आणि एक्सफॅट पुष्कळ जुन्या स्टिरिओंना दिसतच नाहीत. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ जीबीपर्यंतच एफएटी३२ देते, त्यामुळे १६ किंवा ३२ चाच घ्या. जागा भरपूर आहे: ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे ५५ मिनिटांचा अल्बम १३२ एमबी.

फाइलींची नावे इंग्रजी लिपीत, पुढे दोन आकडी क्रमांक, तोही इंग्रजी आकड्यांत. मग एक-एक अल्बमचा फोल्डर क्रमाने कॉपी करा. फोल्डरच्या आत गोंधळ झालाच तर फॅटसॉर्ट नावाचे छोटे साधन आहे, ते एफएटीची यादी नावाप्रमाणे लावून देते. नंतर एखादे गाणे बदललेत तर पुन्हा चालवा, नवी फाइल नेहमी जुन्याच्या मोकळ्या झालेल्या जागी किंवा शेवटी बसते.

गाण्याच्या माहितीचे टॅग आयडी३व्ही२.३ या आवृत्तीत ठेवा. एमपी३टॅग या प्रोग्रॅमच्या पर्यायांत 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' आहे. २.४ असले की काही स्टिरिओ नावाच्या जागी कोरे दाखवतात. देवनागरी टॅग टाकायचा मोह आवरा, पडद्यात तो फाँटच नसतो, चौकोन येतील. सीडी-टेक्स्टमध्ये (सीडीवरच लिहिलेल्या गाण्यांच्या नावांत) तर देवनागरीची सोयच नाही. मुखपृष्ठाचे चित्र ५०० × ५०० जेपीजीपेक्षा मोठे नको, मोठ्या चित्रावर स्टिरिओ गाण्याआधी दोन-तीन सेकंद विचारात पडतो.

कुणी मॅकवरून कॉपी करत असेल तर: ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली सोबत जातात आणि गाडीत प्रत्येक गाणे दोनदा दिसते, त्यातले एक वाजत नाही. त्या काढून टाका.

सांजगाणे (धागाकर्ता):

सगळ्यांचे आभार. दोन डिस्कचे पटले. राहिलेले दोन प्रश्न: जाळण्याचा वेग किती? आणि राहिलेला अल्बम बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर घेताना कार्ड नाकारले जाते, ते का?

खरज:

१६ किंवा २४ पट. 'जितके हळू तितके चांगले' हे जुन्या डिस्कबाबत खरे होते. हल्लीच्या ५२ पटीच्या डिस्कचा थर ४ पटीसाठी बनवलेलाच नसतो, तिथे चुका उलट वाढतात. सीडी-आरच घ्या, आरडब्ल्यू नको, तिचे परावर्तन कमी असल्याने जुन्या लेन्सला ती वाचता येत नाही. शेवटी 'फायनलाइझ' (डिस्क बंद करण्याची शेवटची पायरी) झाले ना बघा. लिहायचे असेल तर पाण्याच्या शाईच्या मार्करने. कागदी लेबल चिकटवू नका, गाडीच्या उन्हात त्याचा कोपरा सुटतो आणि डिस्क आत अडकते.

टपरीवरचा_रेडिओ:

कार्ड: १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन आणि बदलून मिळालेली कार्डे सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रावर चालतात. बँकेच्या ॲपमध्ये 'ऑनलाइन' आणि 'आंतरराष्ट्रीय' ही दोन्ही बटणे वेगवेगळी चालू करावी लागतात. पुष्कळजण एकच करतात. मर्यादेचा आकडाही बघा, तो शून्यावर असू शकतो. व्यवहार झाला की पुन्हा बंद करा.

घाई नसेल तर बँडकॅम्प फ्रायडेला घ्या. २० मार्च २०२०ला पहिला झाला, अशा शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडते. एरवी डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापते. आणि उतरवताना फ्लॅकच निवडा. एमपी३ उतरवून त्यावरून सीडी करू नका, एमपी३ फ्लॅकमधून केव्हाही करता येते.

मित्रांना द्यायची असेल तर सीडीची प्रत काढण्यापेक्षा तिथलेच 'सेंड ॲज गिफ्ट' वापरा. त्यांना मूळ फाइल मिळते, गाणाऱ्याला पैसे.

सांजगाणे (धागाकर्ता):

'आंतरराष्ट्रीय' बंदच होते. पहिली डिस्क १८ गाण्यांची, ७३:४० भरली. लेंकर −२ वर ठेवली आहे.

रेषेवरचा_काटा:

जाळण्याआधी तीच वेव्हची यादी पेनड्राइव्हवर टाकून गाडीत एकदा वाजवा, इंजिन चालू ठेवून. घरात −२ पुरेसे वाटते, रस्त्यावर कदाचित −१ वर यावे लागेल. वेव्ह चालत नसेल तर ३२० एमपी३ करून.