झेब्रा फिंचची मादी अंडी घालायची थांबत नाही, काय करू? (डिचोली, गोवा)

नमस्कार मंडळी,

भाचा नोकरीसाठी बाहेर गेला आणि झेब्रा फिंचची जोडी आमच्या गळ्यात मारून गेला. आता लळा लागलाय, ते सोडा. नर लाल चोचीचा, नारिंगी गालांचा, दिवसभर रबरी खेळणं दाबल्यासारखा पीं-पीं करतो. मादी राखाडी, गरीब. प्रश्न तिचाच आहे.

जूनपासून तीन वेळा अंडी, दर खेपेला पाच. पहिल्या खेपेची तीन पिल्लं जगली. दुसरी अंडी तिने अर्ध्यावर टाकली. तिसरी मीच फेकली, घरट्याची करवंटीही काढली, तर आठवड्यात बाईसाहेबांनी दाण्याच्या वाटीत अंडं घातलं! पाखरू जेमतेम १२ ग्रॅमचं, अंडं ग्रॅमभराचं. म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त अंडी झाली की हो. काल संध्याकाळी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती.

हे मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातले. तिथे पावसाचा नेम नाही, म्हणून महिना न बघता पाऊस झाला, गवताला दाणा धरला की वीण सुरू. तिकडे मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्सला वर्षाला ३०० मिमीही पडत नाही, गोव्यात ३००० च्या आसपास. चार महिने कौलांवर धो धो ऐकून तिला सुगीच वाटत असणार.

खायला राळे, बाजरी. बुरशी धरते म्हणून तव्यावर गरम करून बरणीत भरते. मोड आलेले दाणेही देते. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावरून माणकीचं (कटलफिशचं) हाड आणून, उकळून टांगलंय, पण ते नरच कुरतडतो. इथले डॉक्टर गुराकुत्र्यांचे, "पाखराचं मला विचारू नका" म्हणाले.

नर वेगळा करू का? वाटीतलं अंडं काढू की राहू दे?

प्रतिसाद: ताई, अंडी फेकलीत तिथे चुकलं. काढली की ती पुन्हा घालते. आता असू द्या, बारा-चौदा दिवस बसेल तेवढीच विश्रांती. पिल्लं नको असतील तर उकडून, गार करून परत ठेवा. मोड बंद. नर शेजारच्या पिंजऱ्यात. माणकीचं हाड किसून दाण्यात मिसळा. पण तळाशी बसून जोर देत असेल तर अंडं अडकलं असेल. लगेच ऊब द्या आणि पक्ष्यांचा डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका.

धागाकर्ती: आभार! रात्रभर पिंजऱ्याशेजारी बल्ब लावला. सकाळी वाटीत दुसरं अंडं आणि ती वर दांडीवर. हाड किसून घातलंय. नराला वेगळं केलंय, तो घर डोक्यावर घेतोय.