सिराक्युजच्या कॅथेड्रलमध्ये ग्रीक देऊळ खरंच दिसतं का?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये सिसिलीला चाललोय, आईबाबा पण आहेत सोबत. ऑर्तिजियातलं (सिराक्युजचं जुनं बेट) कॅथेड्रल म्हणजे मूळचं अथेना या ग्रीक देवीचं देऊळ असं वाचलं पण फोटोत तर सगळं बरोकच (१७व्या-१८व्या शतकातली नक्षीदार शैली) दिसतंय, मग जुनं काही उरलंय का?

उत्तर १: अहो भरपूर उरलंय, चुकवू नका! समोरचा भाग १६९३ च्या भूकंपानंतरचा, तो बघून परत फिरू नका, डावीकडच्या गल्लीत वळा, तिथे भिंतीत चिणलेले इ.स.पू. ५व्या शतकातले डोरिक (जुन्या ग्रीक शैलीचे) खांब दिसतात. मी एकाच्या खाचेवरून हात फिरवला, दगड पार झिजलाय, अंगावर काटाच आला.

उत्तर २: आतूनही बघा. ७व्या शतकात खांबांमधली जागा भिंतीने बुजवली आणि गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या, म्हणजे आज लोक प्रार्थनेला बसतात तो जुना गाभाराच. मधे अरबांच्या काळात मशीदही होती. मला तर हेच सगळ्यात भावलं, जागा तीच, माणसं बदलत गेली.

उत्तर ३: खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. आणि आईबाबांना चौकात निवांत बसू द्या, गाड्यांचा त्रास नाही.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, अर्धा दिवस ठेवतोच मग!