गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या बौद्ध संघात वंशभेदावर सामूहिक वाचन : कसे करावे?

इंदोरा_ते_मिनेसोटा

सर्वांना जय भीम.

मी मूळची नागपूरच्या इंदोऱ्याची असून गेली नऊ वर्षे अमेरिकेत मिनिॲपोलिसजवळ राहते. दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या एका ध्यानसंघात जाते. चर्चचे तळघर भाड्याने घेतलेले आहे. चाळीस मिनिटे बसायचे, मग चहा आणि त्यानंतर धम्मचर्चा, असा क्रम असतो. येणारे बहुतेक जण गोरे आहेत, सुशिक्षित आहेत आणि मनाने चांगले आहेत, हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहीत आहे ते तक्रार म्हणून वाचले जाऊ नये. २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या याच शहरात झाली आणि तेव्हापासून ‘वंश या विषयावर आपण एकत्र काहीतरी वाचले पाहिजे’ असे संघात बोलले जात होते. ते वाचन अखेर या हिवाळ्यात सुरू झाले. एका कृष्णवर्णीय बौद्ध आचार्यांचे पुस्तक निवडले गेले.

पहिल्या बैठकीला चौदा खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. चौदांपैकी अकरा जण गोरे, दोघे कृष्णवर्णीय आणि एक मी. एकाने पुस्तकातला उतारा वाचला. तो संपताच सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या, आणि त्यांत माझीही होती. त्या खुर्चीवर साठीच्या पुढच्या एक कृष्णवर्णीय बाई बसल्या होत्या. त्यांनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटले आणि ‘आज मी ऐकायला आले आहे’ एवढेच म्हटले. संचालन करणाऱ्यांनी घंटा वाजवली आणि आम्ही सगळे मौनात गेलो. ते मौन ध्यानाचे नव्हते.

चहाच्या वेळी एका गृहस्थांनी आपुलकीने मला विचारले, ‘बुद्ध तर तुमच्याकडचे, तुम्हाला हा वंशाचा प्रश्न परकाच वाटत असेल ना?’ मी हसले आणि कप विसळायला गेले. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर दीक्षा का घेतली, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते.

आता पुढच्या सहा बैठकींचे संचालन दुसऱ्या एका साधकाबरोबर मी करावे, असे ठरले आहे. एका माणसावर साऱ्यांच्या नजरा खिळणार नाहीत अशा रीतीने हे वाचन कसे चालवावे? जातीचा विषय मी तिथे काढावा की काढू नये? काढला तर ‘तुमच्याकडेही असेच असते’ असे म्हणून मंडळी आपल्या प्रश्नातून सुटका करून घेतील, आणि न काढला तर मी तिथे अर्धीच बसलेली असेन. त्रिपिटकातले किंवा आपल्याकडचे काही सोबत वाचता येईल का, हेही कृपया सुचवावे.

वर्षावास_वाचक (अकोला)

ताई, जय भीम.

आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. मी निवृत्त शिक्षक असून वीसेक वर्षे त्या वाचनाला बसतो आहे. अमेरिकेतल्या वंशप्रश्नातले मला फारसे कळत नाही. सगळ्यांनी मिळून वाचताना काय बिघडते, ते मात्र पुरते कळते.

तुम्ही लिहिलेला मान वळण्याचा प्रसंग आमच्याकडेही घडला आहे. एका वर्षी स्त्रियांच्या दीक्षेचे प्रकरण आले, तेव्हा आम्ही सगळे पुरुष स्त्रियांच्या बाजूला वळून ‘यावर तुम्हीच बोला’ म्हणू लागलो. त्यावर एका आजीने ऐकवले, ‘गरंथ तुमच्या मांडीवर हाये, मंग तोंड माह्याकडं कायले करता?’ त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली, ती सांगतो.

बाबासाहेबांनी या ग्रंथाची रचना खंड, भाग आणि प्रकरणे अशी केली असून प्रत्येक प्रकरणातल्या परिच्छेदांना क्रमांक दिले आहेत. या क्रमांकांचा मोठा उपयोग होतो. प्रत्येकाने पाळीपाळीने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, आणि पहिल्या फेरीत मत कोणीच मांडायचे नाही. दुसऱ्या फेरीत ज्याला बोलायचे असेल त्याने आधी परिच्छेदाचा क्रमांक सांगायचा, ‘मी सातव्या परिच्छेदापाशी अडलो’ असे म्हणायचे आणि आपण स्वतः का अडलो तेवढेच सांगायचे. दुसऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. पाळी आल्यावर ‘पुढे’ म्हणण्याची प्रत्येकाला मुभा असते आणि त्याचे कारण कोणी विचारत नाही. यामुळे नजर माणसावरून कागदावर येते. तुमच्या पुस्तकाला क्रमांक नसतील तर छायाप्रतीच्या समासात पेन्सिलीने घालून घ्या. दीड तासाला चार पाने पुष्कळ होतात. आमच्याकडे पाने उरकण्याची घाई झाली की चर्चा हमखास पुस्तक सोडून भरकटते.

ओकलँडचा_भाऊ

अकोल्याच्या सरांची पद्धत चांगली आहे, पण ती इथे जशीच्या तशी चालणार नाही. अमेरिकेतल्या वंशविषयक लेखनात कृष्णवर्णीयांना दिलेली एक शिवी अनेकदा अवतरणात येते. पाळीपाळीने मोठ्याने वाचताना ती नेमकी एखाद्या गोऱ्या साधकाच्या वाट्याला आली, तर त्याने उच्चारली तरी पंचाईत आणि अडखळला तरी पंचाईत. मी बसत होतो त्या गटात हे प्रत्यक्ष घडले, आणि उरलेला सगळा वेळ त्या बिचाऱ्याची समजूत काढण्यात गेला. ज्यांना तो शब्द ऐकावा लागला त्यांची विचारपूस करायचे कोणाला सुचले नाही. तेव्हा उतारे आधीच नजरेखालून घाला आणि तो शब्द आला की वाचणाऱ्याने क्षणभर थांबून पुढे जायचे, असे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

दुसरे असे की, इथे वंश म्हटले की चर्चा गोरे आणि काळे एवढ्यावरच थांबते. बौद्धांच्या बाबतीत तर ते फारच अपुरे आहे. अमेरिकेतल्या बौद्धांपैकी सुमारे दोन तृतीयांश आशियाई वंशाचे असल्याचा अंदाज प्यू संशोधन केंद्राने २०१२ साली दिला होता, आणि तरीही ‘अमेरिकन बौद्ध’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उशीवर बसलेला गोरा माणूस येतो. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मंदिर १८५३ सालीच उभे राहिले होते. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदा १८८२ सालचा. फेब्रुवारी १९४२ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. बौद्ध पुरोहितांना तर पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर लगेचच अटक होऊ लागली होती, आणि जपानी बौद्धांच्या सर्वांत मोठ्या संस्थेने आपले नाव बदलून त्यात ‘चर्च’ हा शब्द घातला तोही १९४४ साली, छावणीत असताना. तुमचा संघ चर्चच्या तळघरात भरतो, म्हणून हे विशेष आठवले. सहापैकी एक बैठक या इतिहासाला द्यावी, म्हणजे संघातल्या गोऱ्या साधकांनाही आपण ज्या घरात बसलो आहोत ते कोणी बांधले, हे कळेल.

आमच्या इथल्या ईस्ट बे मेडिटेशन सेंटरमध्ये २००७ सालापासून गोरेतर साधकांसाठी वेगळी बैठक असते. तशी सोय तुमच्याकडे नसेल, तर निदान त्या दोघा कृष्णवर्णीयांना ‘तुम्ही यायलाच हवे’ असे कोणी म्हणणार नाही, एवढे पाहा.

पुण्याचा_साधक

मी पुण्याच्या ब्राह्मण कुटुंबातला असून न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षे विपश्यना करतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, तो माझा नसतानाही, थोडे लिहितो.

आमच्या गटात असेच वाचन झाले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी ‘अनात्म (कायमचा ‘मी’ असा काही नाही) मानले तर वंश कोणाचा आणि जात कोणाची?’ असे म्हणून गेलो. वाक्य मोठे तत्त्वज्ञानाचे वाटले, दोघा-तिघांनी माना डोलावल्या आणि चर्चा तिथेच मेली. पुढे आमच्या आचार्यांनी एकांतात सांगितले की, संवृतिसत्य (लोकव्यवहारातले सत्य) आणि परमार्थसत्य (अंतिम सत्य) हा भेद बौद्ध परंपरेने करून ठेवला आहे तो लोकव्यवहारातले दुःख नीट पाहता यावे म्हणूनही; परमार्थाचा दाखला देऊन लोकव्यवहार झाकायला नव्हे. मला ते बोचले, कारण माझे आडनाव ऐकून आजवर कोणी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलेले नव्हते. गोरे अधिकारी विमानतळावर मला बाजूला काढत, तेवढ्यावर मी स्वतःला पीडितांच्या रांगेत उभे करून मोकळा झालो होतो.

भगतसिंग थिंद यांचा खटला तुम्ही अवश्य वाचावा. अमेरिकेचे नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या स्वतंत्र व्यक्तीं’ना मिळत असे (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी १८७० पासून वेगळी तरतूद होती). पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या या पंजाबी गृहस्थांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, ते उच्चजातीय आहेत, उच्चजातीय लोक खालच्यांशी लग्नसंबंध करत नाहीत, म्हणून त्यांचे आर्यरक्त शुद्ध आहे आणि म्हणून ते गोरे आहेत. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. वंशाच्या दारातून आत जायला आपल्यातल्याच एका माणसाने जातीची किल्ली वापरून पाहिली, हे वाचल्यावर ‘हा प्रश्न तुम्हाला परका असेल’ असे कोणी म्हणणार नाही, आणि ताईंना स्वतःची कहाणीही सांगावी लागणार नाही. हे काम खरे तर माझ्यासारख्यांनी करायचे आहे.

अस्सलायन (मुंबई)

वरच्या प्रतिसादांत एक सावधगिरी सुटली आहे. जात म्हणजेच वंश, असे समीकरण बैठकीत मांडू देऊ नये. बाबासाहेबांनी १९३६ सालीच स्पष्ट केले होते की, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे आहेत आणि जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक फाळणी आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते सांगितले आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. साम्य स्थितीत आहे, मुळात नाही. हे दोन्ही एका वेळी ध्यानात ठेवता येत असेल तरच जातीचा विषय काढावा, आणि तोही शेवटच्या दोन बैठकींत, म्हणजे तोवर मंडळींना त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाशी बसायची सवय झालेली असेल.

त्रिपिटकातले विचाराल तर मज्झिम निकायातले अस्सलायन सुत्त घ्या. माझे इथले नाव त्यावरूनच आहे, म्हणून हा पक्षपात समजला तरी हरकत नाही. सोळा वर्षांच्या एका विद्वान ब्राह्मणकुमाराला वडीलधारे आग्रहाने वादाला पाठवतात. बुद्ध त्याला उपदेश न करता एकामागून एक प्रश्न विचारत जातात. योन (ग्रीक) आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास, आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस ना? चंदनाच्या लाकडाने पेटवलेल्या आणि कुत्र्याच्या डोणीच्या लाकडाने पेटवलेल्या अग्नीच्या ज्वाळेत, रंगात, उजेडात काही फरक असतो का? उत्तरे त्या मुलालाच द्यावी लागतात. दोन आवाजांत वाचले तर हे सुत्त अर्ध्या तासात होते. ‘बुद्धाने सर्वांना समान म्हटले, विषय संपला’ असे मात्र कोणाला म्हणू देऊ नका. त्या मुलाला खाली मान घालून गप्प बसायला लागते, त्या जागी जरा थांबा.

आपल्याकडचे हवे असेल तर जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आहे. १८७३ सालचे ते पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिका इंग्रजीतही असल्याने तुम्हाला भाषांतराचीही खटपट नाही.

इंदोरा_ते_मिनेसोटा

सर्वांचे आभार. उशिरा लिहीत आहे, कारण मध्ये तीन बैठकी झाल्या.

क्रमांकांची पद्धत लागू पडली. समासात क्रमांक घालायला मला आणि माझ्या सहसंचालकांना एक अख्खी दुपार लागली. पहिल्या दिवशी चार जणांनी ‘पुढे’ म्हटले, आणि त्यांतले तिघे गोरे होते, याची मी कल्पनाही केली नव्हती. ओकलँडच्या भाऊंनी सांगितलेला शब्द दुसऱ्याच बैठकीत आला. ठरल्याप्रमाणे वाचणारे थांबले आणि पुढे गेले. थिंद खटला पाचव्या बैठकीसाठी ठेवला आहे आणि तो मी वाचणार नाही, सहसंचालक वाचतील.

जातीचा विषय शेवटच्या दोन बैठकींत काढावा असे अस्सलायन सरांनी सुचवले होते, पण माझ्याने राहवले नाही. गेल्या गुरुवारी वेळ उरला म्हणून मी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका सोबत नेलेल्या कागदावरून वाचायला दिली, आणि पाळी नेमकी त्या बाईंची आली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली. ‘अमेरिकेचे सदाचारी लोक’ या शब्दांशी त्या थांबल्या आणि मला त्यांनी साल विचारले. मी १८७३ असे सांगितले. ‘म्हणजे आमच्या लोकांचा मताचा हक्क दक्षिणेत अजून शाबूत होता,’ असे त्या म्हणाल्या, समासात साल लिहून घेतले आणि हे लिहिणारा माणूस कोण, त्याची जात कोणती, हे मला विचारले. मी माळी असे सांगितले, आणि मग माझीही सांगितली.